पेलेलियूची लढाई

पेलेलियूची लढाई ही दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि जपान यांच्यात पश्चिम प्रशांत महासागरातील पेलेलियू या प्रवाळ बेटावर १५ सप्टेंबर ते २७ नोव्हेंबर, १९४४ या काळात झालेली लढाई होती. हे बेट आजच्या पलाउ देशाच्या दक्षिण भागात असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किमी आहे. अमेरिकेच्या बाजूने आधी मरीन कोरची पहिली डिव्हिजन आणि नंतर भूदलाची ८१वी इन्फन्ट्री डिव्हिजन लढली. जपानी शिबंदीचे नेतृत्व कर्नल कुनिओ नाकागावा यांच्याकडे होते.

बेट तीन-चार दिवसांत हाती येईल असा मरीन डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल विल्यम रुपर्टस यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दोन महिन्यांहून अधिक काळ लागला आणि दोन्ही बाजूंचे मिळून बारा हजारांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले. इवो जिमा किंवा ओकिनावा यांच्या मानाने ही लढाई अपरिचित राहिली. तरीही प्रशांत महासागरातील युद्धात सामान्य मरीन जवानाच्या वाट्याला काय आले, हे समजून घेण्यासाठी अभ्यासक वारंवार याच लढाईकडे वळतात. त्याचे एक कारण लढाईच्या स्वरूपात आहे, तर दुसरे तेथून वाचून परतलेल्या जवानांनी लिहिलेल्या आठवणींत आहे.

पार्श्वभूमी

पलाउ द्वीपसमूह १८९९पासून जर्मनीच्या ताब्यात होता. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४मध्ये, जपानने तो घेतला आणि पुढे राष्ट्रसंघाच्या आदेशाने त्याचा कारभार जपानकडेच राहिला. येथील कोरोर हे शहर जपानच्या दक्षिण समुद्रातील प्रदेशाचे प्रशासकीय केंद्र होते. पेलेलियूच्या दक्षिणेकडील सपाट भागात जपान्यांनी परस्परांना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्यांचा विमानतळ बांधला होता. या विमानतळामुळेच बेटाला लष्करी महत्त्व आले.

१९४४च्या उन्हाळ्यात अमेरिकेने मेरियाना द्वीपसमूह जिंकला. पुढचे लक्ष्य फिलिपिन्स होते. जनरल डग्लस मॅकआर्थर यांच्या सैन्याने फिलिपिन्सकडे कूच केल्यावर पलाउमधील जपानी विमाने त्यांच्या उजव्या बगलेवर हल्ला करतील, अशी भीती होती. म्हणून ॲडमिरल चेस्टर निमिट्झ यांच्या अधिपत्याखाली पेलेलियू आणि शेजारचे अंगौर ही बेटे घेण्याची योजना आखण्यात आली. तिचे सांकेतिक नाव ‘स्टेलमेट’ असे होते. बुद्धिबळात ज्या स्थितीत पाळी असलेल्या खेळाडूला कोणतीच चाल करता येत नाही ती स्थिती, असा या शब्दाचा अर्थ आहे. हे नाव कोणत्याही हेतूने ठेवलेले नसले तरी पुढील घटनांशी ते विलक्षण जुळले.

मोहिमेसाठी निवडलेली पहिली मरीन डिव्हिजन अनुभवी होती. १९४२मध्ये तिने ग्वादालकॅनाल लढवले होते. ऑस्ट्रेलियात विश्रांती घेतल्यानंतर १९४३च्या अखेरीस ती न्यू ब्रिटन बेटावरील केप ग्लॉस्टरच्या चिखलात उतरली. तेथून तिला सॉलोमन द्वीपसमूहातील पावुवु या लहान बेटावर विश्रांतीसाठी पाठवण्यात आले. ही विश्रांती नावापुरतीच होती. पावुवु म्हणजे ओसाड पडलेल्या नारळबागांचे बेट होते. कुजलेल्या नारळांचे ढीग, गुडघाभर चिखल, उंदीर आणि रात्री बुटांत शिरणारे खेकडे यांच्या संगतीत जवानांनी स्वतःच्या हातांनी छावणी उभारली. सरावालाही पुरेशी जागा नव्हती. जुने जवान मलेरियाने आणि उष्ण प्रदेशातील त्वचारोगांनी खंगलेले होते, तर त्यांच्या जोडीला आलेल्या नवख्यांपैकी अनेकांचे वय वीस वर्षांच्या आत होते. याच बेटावरून सुमारे ३,४०० किमीचा सागरी प्रवास करून डिव्हिजन पेलेलियूला पोहोचली.

जपानी बचावाची नवी पद्धत

त्यापूर्वीच्या लढायांत जपानी सैन्य शत्रूला समुद्रकिनाऱ्यावरच थोपवण्याचा प्रयत्न करी आणि तो फसला की ‘बान्झाय’ हल्ल्यात, म्हणजे आरडाओरड करीत केलेल्या सामूहिक धडकेत, स्वतःला संपवून घेई. अमेरिकन मशीनगनांपुढे अशा धडका टिकत नसत. १९४४च्या मध्यापर्यंत जपानी सेनानींनी यातून धडा घेतला होता. पेलेलियूवर नाकागावा यांनी किनाऱ्यावर मर्यादित प्रतिकार ठेवला आणि मुख्य फौज बेटाच्या मधोमध असलेल्या उमुरब्रोगोल नावाच्या डोंगररांगेत दडवली. विनाकारण धडक मारण्यास मनाई होती. प्रत्येक गुहेतील तुकडीने शक्य तितका काळ टिकून शत्रूची जास्तीत जास्त हानी करावी, असा आदेश होता. बेट वाचणार नाही, हे जपानी अधिकाऱ्यांना ठाऊक होते. वेळ काढणे हेच त्यांचे उद्दिष्ट होते.

उमुरब्रोगोलची उंची सुमारे ९० मीटरच आहे, परंतु तिची रचना भयंकर आहे. समुद्रतळातून वर आलेल्या प्रवाळी चुनखडकाच्या सुळक्यांची, घळींची आणि कड्यांची ती एक गुंतागुंत आहे. जपान्यांनी तेथील नैसर्गिक गुहा आणि फॉस्फेटच्या खाणींसाठी खोदलेले बोगदे एकमेकांना जोडले. अशा गुहांची संख्या सुमारे ५०० होती. काहींना सरकती पोलादी दारे होती. तोफ बाहेर काढून मारा करायचा आणि पुन्हा दार लावून घ्यायचे, अशी सोय त्यांत होती. प्रवेशमार्ग वळणावळणाचे असल्याने तोंडाशी फुटलेल्या तोफगोळ्याचा किंवा आत फेकलेल्या आगीचा परिणाम आतपर्यंत पोहोचत नसे. बेटावरील जपानी सैनिक आणि मजूर यांची एकूण संख्या सुमारे १०,९०० होती.

डोंगरावर दाट झाडी असल्यामुळे हवाई छायाचित्रांत यातले फारसे काही दिसले नाही. अमेरिकन नकाशांवर उमुरब्रोगोल म्हणजे साधारण उंचवट्याचा भाग होता. चढाईपूर्वी तीन दिवस युद्धनौकांनी बेटावर भडिमार केला. नौदलाच्या तोफखान्याचे प्रमुख रिअर ॲडमिरल जेसी ओल्डेनडॉर्फ यांनी तर मारा करण्यासाठी आता लक्ष्येच उरली नाहीत, असे कळवले. झाडी जळून गेली आणि खडक उघडा पडला. गुहांतील माणसे मात्र सुरक्षित होती.

१५ सप्टेंबर: किनाऱ्यावर

पहिल्या मरीन डिव्हिजनमध्ये पायदळाच्या तीन रेजिमेंट होत्या. डावीकडे ‘व्हाइट’ किनाऱ्यावर कर्नल लुईस ‘चेस्टी’ पुलर यांची पहिली रेजिमेंट, मध्यभागी कर्नल हॅरॉल्ड हॅरिस यांची पाचवी आणि उजवीकडे कर्नल हर्मन हॅनिकन यांची सातवी रेजिमेंट अशी मांडणी होती. सकाळी साडेआठच्या सुमारास पहिली लाट किनाऱ्याला लागली. प्रवाळी कठड्यावरून जाऊ शकणारी ॲमट्रॅक नावाची पट्टेवाली वाहने जवानांना घेऊन येत होती. दोन्ही टोकांच्या खडकांत लपवलेल्या जपानी तोफांनी त्यांना तिरप्या माऱ्यात पकडले. पहिल्या तासाभरात सुमारे ६० वाहने निकामी झाली. जळत्या वाहनांतून उड्या टाकलेल्या जवानांना छातीभर पाण्यातून, उघड्यावर, किनारा गाठावा लागला.

सर्वांत डावीकडे ‘पॉइंट’ म्हणून ओळखले गेलेले खडकाचे नाक समुद्रात शिरले होते. तेथील काँक्रीटच्या तोफघरातून सगळा किनारा माऱ्यात येत होता. कॅप्टन जॉर्ज हंट यांच्या कंपनीने ते मागच्या बाजूने चढून घेतले. मात्र त्यानंतर ती मुख्य फौजेपासून तुटली. सुमारे ३० तास या कंपनीने जपानी प्रतिहल्ले परतवले. कुमक पोहोचली तेव्हा २३५ जणांच्या कंपनीतील १५७ जवान मृत किंवा जखमी झाले होते.

दुपारी उशिरा जपान्यांनी विमानतळावरून हलक्या रणगाड्यांसह प्रतिहल्ला केला. जपानी रणगाड्यांचे चिलखत इतके पातळ होते की अमेरिकन रणगाडे, बझुका आणि तोफा यांच्यापुढे ते काही मिनिटांत संपले. हा हल्ला सोडला तर पुढे जपान्यांनी उघड्यावर येण्याचे टाळले. पहिल्या दिवसअखेर मरीन डिव्हिजनचे सुमारे २०० जवान ठार आणि ९०० जखमी झाले होते. ठरलेल्या उद्दिष्टांपैकी थोडीच साध्य झाली होती.

दुसऱ्या दिवशी विमानतळ ओलांडण्यात आला. सपाट आणि पूर्ण उघड्या धावपट्टीवरून, डोंगरातील जपानी तोफांच्या नजरेसमोर, शेकडो जवान चालत आणि धावत पुढे गेले. आडोसा घेण्यास काहीच नव्हते आणि थांबण्याची मुभाही नव्हती. पाचव्या रेजिमेंटमधील उखळी तोफेवरील जवान युजीन स्लेज यांनी पुढे ओकिनावाही अनुभवले. तरीही संपूर्ण युद्धातील सर्वांत भयंकर अनुभव म्हणून त्यांनी पेलेलियूच्या विमानतळावरील या चालीचाच उल्लेख केला आहे.

उष्णता, पाणी आणि खडक

पेलेलियूविषयीच्या जवळजवळ प्रत्येक आठवणीत शत्रूच्या आधी उन्हाचा उल्लेख येतो. तापमान ४६ अंश सेल्सियसपर्यंत चढले. पांढऱ्या प्रवाळावरून ऊन परावर्तित होत असल्यामुळे वरून आणि खालून अशी दुहेरी भाजणी होई. बेटावर नदी-ओढे नाहीत. प्रत्येक जवानाकडे पाण्याच्या दोन बाटल्या असत. त्या पहिल्याच दिवशी रिकाम्या झाल्या. उष्माघाताने कोसळणाऱ्यांची संख्या मोठी होती.

किनाऱ्यावर पाणी आणण्यासाठी पूर्वी इंधन भरलेली पिंपे वापरण्यात आली होती. ती नीट धुतली गेली नव्हती. तहानेने व्याकूळ झालेल्या जवानांनी तेलकट, गंजलेले पाणी प्यायले आणि अनेकांना उलट्या व पोटात कळा सुरू झाल्या. मोठ्या मोहिमेच्या व्यवस्थापनातील ही बाब कागदावर किरकोळ दिसते. पिंप धुण्याचे काम कोणाच्या तरी नजरेतून सुटले एवढेच. आघाडीवरच्या जवानाला मात्र पुढचा दिवस त्याच पाण्यावर काढायचा होता. काही दिवसांनी अभियंत्यांनी विहिरी खोदल्या तेव्हा ही अडचण कमी झाली.

प्रवाळी खडकामुळे पायदळाचे मूलभूत संरक्षणही हिरावले गेले. सैनिकाला पहिल्या दिवसापासून खंदक खोदायला शिकवलेले असते. येथे फावडे जमिनीत शिरतच नव्हते. जवान दगडांचे तुकडे रचून त्यांच्यामागे पडून राहत. तोफगोळा फुटला की त्याच्या पोलादी कपच्यांबरोबर खडकाच्याही धारदार कपच्या उडत आणि जखमींची संख्या वाढे. पडताना, सरपटताना गुडघे आणि कोपरे सोलून निघत. बुटांचे तळ काही दिवसांत फाटत.

खोदता येत नसल्यामुळे मृतांना जागीच पुरता येत नव्हते आणि शौचाची व्यवस्थाही करता येत नव्हती. अमेरिकन मृतांना मागे नेण्याचा प्रयत्न होई. जपानी मृतदेह मात्र घळींत पडून राहत. उन्हात काही तासांतच ते कुजू लागत. त्यांत फेकून दिलेल्या अन्नाची आणि विष्ठेची भर पडे. हिरवट, गुबगुबीत माश्यांचे थवे इतके माजले की घास तोंडाशी नेताना हाताने माश्या निपटाव्या लागत. विमानांतून डीडीटीची फवारणी करण्यात आली. रणभूमीवर या कीटकनाशकाचा असा मोठ्या प्रमाणावरील वापर तेव्हा नवा होता. तरीही दुर्गंधी हटली नाही. डोंगरात एखादी टेकडी दुसऱ्यांदा घेतली जाई तेव्हा त्याच मृतदेहांच्या बदलत्या अवस्थांवरून जवानांना किती दिवस लोटले हे कळे.

उमुरब्रोगोल

विमानतळाच्या उत्तरेकडील पहिल्या कड्यांवर पुलर यांची रेजिमेंट आदळली. जवानांनी या कड्यांना ‘ब्लडी नोज रिज’, म्हणजे रक्ताळलेल्या नाकाची कड, असे नाव दिले. एक टेकडी घेतली की तिच्यावर आजूबाजूच्या तीन टेकड्यांवरून मारा होई. ज्या गुहेवरून जवान पुढे गेले तिच्यातूनच मागाहून गोळ्या येत. पुलर यांचा भर थेट समोरून चढाई करण्यावर होता. ग्वादालकॅनालमधील जखमेमुळे त्यांची मांडी सुजली होती आणि त्यांना स्ट्रेचरवरून हलवावे लागत होते. त्यांचा धाकटा भाऊ त्याच वर्षी जुलैमध्ये गुआमच्या लढाईत मारला गेला होता. ते मरीन कोरमधील सर्वांत नावाजलेल्या अधिकाऱ्यांपैकी एक होते आणि पुढेही राहिले. परंतु पेलेलियूवरील त्यांच्या डावपेचांवर टीका झाली आणि ती रास्त मानावी लागते. तथापि वरून रुपर्टस यांचा ‘वेग कमी होऊ देऊ नका’ हा तगादा सतत चालू होता, हेही लक्षात घेतले पाहिजे.

१९ सप्टेंबरला कॅप्टन एव्हरेट पोप यांच्या कंपनीला ‘हिल १००’ घेण्याचा आदेश मिळाला. सुमारे ९० जवान शिल्लक असलेल्या या कंपनीने माथा गाठला. पण त्याहून उंच असलेला शेजारचा कडा जपान्यांच्याच ताब्यात होता. रात्रभर हल्ले होत राहिले. दारूगोळा संपत आल्यावर जवान दगड फेकू लागले. येणारा दगड आहे की हातबाँब हे अंधारात जपानी सैनिकांना कळू नये आणि उरलेले हातबाँब पुरवून वापरता यावेत, हा त्यामागील हेतू होता. शेवटी हातघाईची झुंज झाली. पहाटे माघारीचा आदेश आला तेव्हा पोप यांच्यासह मोजकेच जवान उभे राहू शकत होते. त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, देण्यात आले. ती टेकडी पुन्हा घेण्यास आणखी सुमारे दोन आठवडे लागले.

सुमारे आठवडाभरात पहिल्या रेजिमेंटचे १,७००हून अधिक जवान मृत किंवा जखमी झाले होते. हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. तिच्या पहिल्या बटालियनची हानी ७० टक्क्यांपर्यंत पोहोचली. स्वयंपाकी, कारकून आणि वाहनचालक बंदुका घेऊन पुढच्या रांगेत उभे होते. २१ सप्टेंबरला कोरचे सेनापती मेजर जनरल रॉय गायगर स्वतः पुलर यांच्या तळावर आले. परिस्थिती पाहून त्यांनी रेजिमेंट मागे घेण्याचा आणि अंगौर येथून भूदलाची ३२१वी रेजिमेंट आणण्याचा निर्णय दिला. भूदलाची मदत घेण्यास रुपर्टस अखेरपर्यंत नाखूश होते. मरीन कोर आणि भूदल यांच्यातील जुनी ईर्षा यामागे होती, असे बहुतेक इतिहासकारांचे मत आहे.

यानंतर लढाईला वेढ्याचे रूप आले. सप्टेंबरच्या अखेरीस बेटाचा उत्तर भाग आणि शेजारचे न्गेसेबुस हे छोटे बेट घेण्यात आले. विमानतळावरून आता मरीन कोरची कॉर्सेअर विमाने उडू लागली. त्यांचे लक्ष्य इतके जवळ होते की उड्डाणानंतर सुमारे १५ सेकंदांत बाँब टाकावा लागे. वैमानिक अनेकदा चाके आत घेण्याची तसदी घेत नसत. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सातव्या रेजिमेंटची जागा हॅरिस यांच्या पाचव्या रेजिमेंटने घेतली. दारूगोळा सढळ हाताने खर्च करावा आणि माणसे जपावीत, हे हॅरिस यांचे सूत्र होते. बुलडोझरने वाट काढायची, तोफ गुहेच्या समोर आणून थेट मारा करायचा, फ्लेमथ्रोअरने आग ओकायची आणि शेवटी सुरुंगाने तोंड बुजवायचे, अशा क्रमाने एकेक गुहा बंद करण्यात आली. आत किती माणसे होती, याचा हिशेब बहुधा लागत नसे.

जवानांचे मन

रात्री लढाईचे स्वरूप बदलत असे. दिवसा गुहांत दडलेले जपानी सैनिक एकट्याने किंवा जोडीने अमेरिकन रांगांत शिरत. दोन मरीनांच्या प्रत्येक खळग्यात एकाने जागे राहायचे आणि दुसऱ्याने झोपायचे, असा नियम होता. रात्री जागेवरून हलणाऱ्या कोणालाही शत्रू समजले जाई. आवाज करणे म्हणजे आपली जागा दाखवणे होते. स्लेज यांनी अशा एका रात्रीची हकिकत सांगितली आहे. त्यांच्या तुकडीजवळ एका मरीनाचे मानसिक संतुलन ढळले आणि तो ओरडू लागला. समजावून, औषध टोचूनही तो शांत होईना, तेव्हा इतरांच्या जिवासाठी त्याला फावड्याने मारण्यात आले. त्यात तो मरण पावला. ही हकिकत स्लेज यांनी कोणालाही दोष न देता नोंदवली आहे.

शत्रूविषयीचा द्वेष दोन्ही बाजूंना पराकोटीला गेला होता. जपानी सैनिक शरण येत नसत आणि जखमींच्या मदतीला आलेल्या वैद्यकीय साहाय्यकांवरही गोळ्या झाडत. मरीनही क्वचितच कैदी घेत. विटंबना केलेले अमेरिकन मृतदेह सापडल्यावर उरलासुरला संयमही गेला. काही मरीन मृत, आणि एका प्रसंगी जिवंत, जपानी सैनिकाच्या तोंडातील सोन्याचे दात काढत असल्याचे स्लेज यांनी लिहिले आहे. एकदा त्यांनी स्वतःही असे दात काढण्याचा विचार केला, तेव्हा कंपनीतील वैद्यकीय साहाय्यकाने जंतुसंसर्गाचे निमित्त सांगून त्यांना परावृत्त केले. खरे कारण जंतू नव्हते, हे त्यांना नंतर उमगले. विजेत्या सैन्यातील जवानाने आपल्याच बाजूविषयी इतक्या स्पष्टपणे लिहिणे दुर्मीळ आहे.

या वातावरणात कंपनीच्या अधिकाऱ्याचे व्यक्तिमत्त्व जवानांसाठी फार मोलाचे ठरे. स्लेज यांच्या कंपनीचे प्रमुख कॅप्टन अँड्र्यू हॅल्डेन शांत आणि न्यायी अधिकारी म्हणून ओळखले जात. १२ ऑक्टोबरला कड्यावरून डोकावून पाहताना जपानी नेमबाजाच्या गोळीने ते ठार झाले. कंपनी बेट सोडण्यास तेव्हा थोडेच दिवस उरले होते. तिच्यातील सुमारे २३५ जवानांपैकी केवळ ८५ जण इजा न होता परतले.

स्ट्रेचर वाहून नेण्याचे काम सर्वांत धोक्याच्या कामांपैकी होते. एका जखमीला निसरड्या, तुटक्या खडकावरून खाली आणण्यास चार जण लागत आणि चौघेही माऱ्यात येत. या कामात मरीन कोरच्या ११व्या डेपो कंपनीतील आणि सातव्या दारूगोळा कंपनीतील कृष्णवर्णीय जवानांनी स्वेच्छेने भाग घेतला. तत्कालीन मरीन कोरमध्ये वर्णभेद पाळला जात असे आणि कृष्णवर्णीयांना सहसा लढाऊ तुकड्यांत घेत नसत. त्यांना सामान उतरवण्याचे काम दिले जाई. त्यामुळे अधिकृत वृत्तान्तांत त्यांचा उल्लेख दीर्घकाळ ओझरताच राहिला.

पेलेलियूवरील कामगिरीसाठी आठ मरीनांना मेडल ऑफ ऑनर मिळाले. त्यांपैकी पाच मरणोत्तर होते. या पाचही जणांनी सोबत्यांना वाचवण्यासाठी फुटण्याच्या बेतातील हातबाँबवर स्वतःचे शरीर झोकून दिले होते.

अखेर

ऑक्टोबरच्या मध्यास पाचवी रेजिमेंट मागे घेण्यात आली आणि २० ऑक्टोबरला बेटाची जबाबदारी ८१व्या इन्फन्ट्री डिव्हिजनकडे गेली. मॅकआर्थर यांचे सैन्य फिलिपिन्समधील लेयटे बेटावर उतरले तोही हाच दिवस. ज्या बगलेच्या रक्षणासाठी पेलेलियू घ्यायचे होते ती बगल तोपर्यंत पुढे सरकली होती.

भूदलाने घाई केली नाही. जवान वाळूच्या पिशव्या काठीने पुढे ढकलत, त्यांच्या आडोशाने इंच इंच सरकत राहिले. गुहांत इंधन फवारण्यासाठी नळवाहिनीही टाकण्यात आली. २४ नोव्हेंबरच्या सुमारास नाकागावा यांनी रेजिमेंटचा ध्वज जाळून आत्महत्या केली. २७ नोव्हेंबरला संघटित प्रतिकार संपल्याचे जाहीर झाले. विखुरलेले जपानी सैनिक त्यानंतरही गुहांत तग धरून होते. लेफ्टनंट एइ यामागुची यांच्या नेतृत्वाखालील तीसहून अधिक सैनिक एप्रिल, १९४७मध्ये, म्हणजे युद्ध संपून दीड वर्ष उलटल्यावर, शरण आले. युद्ध खरोखर संपले आहे हे पटवून देण्यासाठी एका माजी जपानी ॲडमिरलला आणावे लागले होते.

मनुष्यहानी

पहिल्या मरीन डिव्हिजनचे ६,५२६ जवान मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांपैकी १,२५२ मृत होते. ८१व्या डिव्हिजनची पेलेलियू आणि अंगौर मिळून ३,०८९ जणांची हानी झाली, त्यांत ४०४ मृत होते. पेलेलियूवरील जपानी मृतांची संख्या सुमारे १०,७०० मानली जाते. कैद झालेल्या सुमारे २०० जणांत बहुतेक कोरियन आणि ओकिनावी मजूर होते. प्रत्यक्ष जपानी सैनिक व नौसैनिक अवघे १९ होते. अमेरिकन हिशेबानुसार एक जपानी सैनिक मारण्यासाठी लहानमोठ्या शस्त्रांच्या सरासरी १,५००हून अधिक गोळ्या-गोळे खर्ची पडले.

बेटावरील मूळ पलाउवासी रहिवाशांना लढाईपूर्वीच जपान्यांनी द्वीपसमूहातील बाबेलदाओब या मोठ्या बेटावर हलवले होते. त्यामुळे सायपान किंवा ओकिनावा येथे झाला तसा नागरिकांचा संहार येथे झाला नाही. त्यांची गावे आणि शेते मात्र उरली नाहीत.

आवश्यकतेविषयीचा वाद

१३ सप्टेंबर, १९४४ रोजी, म्हणजे जवान किनाऱ्यावर उतरण्याच्या दोन दिवस आधी, ॲडमिरल विल्यम हॉल्सी यांनी पलाउची मोहीम रद्द करावी असे सुचवले होते. त्यांच्या विमानवाहू नौकांनी फिलिपिन्सवर केलेल्या हल्ल्यांत जपानी हवाई प्रतिकार अपेक्षेपेक्षा फारच दुबळा असल्याचे आढळले होते. त्यांच्या सूचनेनुसार लेयटेवरील चढाईची तारीख डिसेंबरवरून ऑक्टोबरवर आणण्यात आली. पलाउबाबतची सूचना मात्र निमिट्झ यांनी स्वीकारली नाही. जहाजे आधीच समुद्रात होती आणि मोहीम थांबवण्याची वेळ निघून गेली आहे, असे त्यांचे मत होते.

मोहिमेच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते की विमानतळ आणि तेथील शिबंदी यांचा धोका संपला व अमेरिकन विमानांना तळ मिळाला. जुलै, १९४५च्या अखेरीस बुडालेल्या इंडियानापोलिस या क्रूझरचे समुद्रात तरंगणारे खलाशी पेलेलियूहून निघालेल्या गस्ती विमानालाच दिसले आणि त्यांपैकी ३१६ जण वाचले. परंतु हा योगायोग होता. त्यासाठी बेट घेतले नव्हते. नौदलाला खरा उपयोग झाला तो याच मोहिमेत प्रतिकाराविना हाती आलेल्या उलिथी या कंकणद्वीपाचा. तेथे नंतर मोठा नाविक तळ उभा राहिला. पेलेलियूला वळसा घालून पुढे जाता आले असते, असे आज बहुसंख्य अभ्यासक मानतात. नाकागावा यांची बचावपद्धत पुढे इवो जिमा आणि ओकिनावा येथे अधिक मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. पेलेलियूवरून तिचा इशारा मिळाला होता, पण त्यातून अमेरिकेने किती बोध घेतला याविषयी शंका आहे.

युद्धकाळात या लढाईला वृत्तपत्रांत फारशी जागा मिळाली नाही. रुपर्टस यांच्या आशावादी अंदाजामुळे बहुतेक वार्ताहर बेटावर उतरलेच नाहीत. नंतर युरोपातील घडामोडी आणि फिलिपिन्समधील पुनरागमन यांनी पहिले पान व्यापले.

साहित्य आणि कला

‘लाइफ’ साप्ताहिकासाठी काम करणारे चित्रकार टॉम ली हे पहिल्याच दिवशी मरीनांबरोबर किनाऱ्यावर उतरले होते. परतल्यावर त्यांनी काढलेल्या चित्रांतील एक मरीन थेट प्रेक्षकाकडे पाहतो, पण त्याचे डोळे कशावरच स्थिरावलेले नाहीत. ‘दोन हजार यार्डांची नजर’ या जवानांच्या बोलीतील शब्दप्रयोगावरून या चित्राला नाव मिळाले आणि पुढे तो युद्धाने आलेल्या मानसिक थकव्याचे वर्णन करण्यासाठी सर्वत्र रूढ झाला.

पॉइंटच्या लढाईवर जॉर्ज हंट यांनी, तर पहिल्या रेजिमेंटमधील अनुभवांवर रॉबर्ट लेकी यांनी पुस्तके लिहिली. लेकी यांचे ‘हेल्मेट फॉर माय पिलो’ हे पुस्तक १९५७मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वाधिक मान्यता मात्र स्लेज यांच्या ‘विथ द ओल्ड ब्रीड’ (१९८१) या पुस्तकाला मिळाली. आघाडीवर दैनंदिनी ठेवण्यास बंदी असल्याने स्लेज यांनी खिशातील बायबलच्या प्रतीत टिपणे करून ठेवली होती. युद्धानंतर ते अलाबामा राज्यात जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिकारीची आवड असलेल्या या माणसाने युद्धानंतर बंदूक खाली ठेवली ती कायमची. कुटुंबीयांसाठी म्हणून लिहायला घेतलेले हे लेखन साडेतीन दशकांनंतर पुस्तकरूपाने आले. २०१० सालची ‘द पॅसिफिक’ ही दूरचित्रवाणी मालिका प्रामुख्याने स्लेज आणि लेकी यांच्या आठवणींवर आधारलेली आहे. जपानमध्ये काझुयोशी ताकेदा यांनी याच लढाईवर जपानी सैनिकांच्या बाजूने चित्रकथामालिका काढली.

आजचे पेलेलियू

पलाउ १ ऑक्टोबर, १९९४ रोजी स्वतंत्र झाला आणि पेलेलियू हे त्याचे एक राज्य आहे. १९८५मध्ये रणभूमीला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा देण्यात आला. उमुरब्रोगोलवर पुन्हा दाट झाडी वाढली असून गंजलेले रणगाडे, ॲमट्रॅकचे सांगाडे आणि तोफा अजूनही जागोजाग दिसतात. न फुटलेला दारूगोळा सापडत असल्याने पायवाट सोडून जाणे धोक्याचे आहे. बुजवलेल्या गुहांतून जपानी सैनिकांचे अवशेष शोधण्याचे काम अधूनमधून होत असते. एप्रिल, २०१५मध्ये जपानचे तत्कालीन सम्राट अकिहितो आणि सम्राज्ञी मिचिको यांनी बेटाच्या दक्षिण टोकावरील स्मारकाला भेट देऊन मृतांना श्रद्धांजली वाहिली.